शहाण्णव नंबरची सनई

माझं जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी बारा ते चार मी तबकड्यांना बाहेरचं ऊन दाखवत नाही. सोलापूरच्या उन्हात रिक्षाच्या सीटवर थोडा वेळ राहिली तरी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, पापडासारखी वाकते, आणि एकदा वाकली की सरळ करणं अवघड. म्हणून त्या दिवशी भर दुपारी एक बाई रिक्षातून पत्र्याची ट्रंक उतरवायला लागल्या, तेव्हा हातातला प्लेअर तसाच टाकून मी धावत बाहेर गेलो.

बाई निवृत्त शिक्षिका. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. जुनं घर रिकामं करताना माळ्यावर ही ट्रंक निघाली. आत नाट्यसंगीत, कन्नड भक्तिगीतं, तेलुगू सिनेमाची गाणी. आमच्या पेठांमधल्या घरांत तिन्ही भाषा अशा एका ट्रंकेत नांदतात. आणि तळाशी, पिवळ्या पडलेल्या कागदी पाकिटात, ४५ च्या वेगाची एक छोटी विलायती तबकडी. काळं लेबल, रुपेरी अक्षरं, कंपनी पार्लोफोन, क्रमांक आर ५६७५. बीटल्स या इंग्लंडच्या गाजलेल्या बँडचं ‘लेडी मॅडोना’.

बाई खरं तर हिच्यासाठीच आल्या होत्या. पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं होतं, मावशी, हे गाणं इंग्लंडात खपाच्या यादीत एक नंबरला होतं, लाखात जाईल.

हे मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा उतरलेला बघावा लागतो. एक नंबरला आलेली तबकडी म्हणजे भरमसाट छापलेली, घरोघर गेलेली तबकडी. बीटल्सच्याच ‘शी लव्ह्ज यू’च्या एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांवर प्रती खपल्या. एवढ्या निघाल्या, म्हणून आजही त्या सापडतात. उलट ‘लव्ह मी डू’ हे १९६२ चं त्यांचं पहिलं गाणं तिथं सतराव्या नंबरवर थांबलं, पण त्याची सुरुवातीची लाल लेबलची प्रत मिळावी म्हणून शौकीन जिवाचं रान करतात.

‘लेडी मॅडोना’ १५ मार्च १९६८ ला आलं, ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिलं राहिलं, अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “असू दे. तुम्ही बघून तर घ्या.”

तबकडी खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. पहिली बाजू आरशासारखी. सुई त्या खाचांवरून फिरली असेल तर एकदोनदाच. मग उलटली आणि थांबलो. दुसरी बाजू राखाडी झाली होती. झिजून झिजून खाचांची चमकच गेली होती. इतक्या वर्षांत अशी तबकडी मी पाहिली नव्हती. लोक हिटची बाजू झिजवतात. इथं गाजलेल्या गाण्याला कुणी हात लावला नव्हता आणि मागची बाजू शेकडो वेळा वाजली होती.

“बाई, मागच्या बाजूला काय आहे माहीत आहे का?”

“नाही हो. वाजवा की.”

धुतली, पुसली, लावली. आधी खरखर, आणि त्यातून सनईचे सूर उठले. बाई स्टुलावरून उभ्याच राहिल्या.

“ही आमची पहिल्या आंघोळीची सनई आहे!”

मग त्या सांगत गेल्या. वडिलांनी बोनसमधून प्लेअर घेतला होता. दिवाळीच्या पहाटे सनईची तबकडी लागायची. ती फुटली. गिरणीतल्या कुणा साहेबानं विलायतेहून आणलेली ही तबकडी वडिलांना दिली होती. त्यात सनई आहे हे कळल्यावर दर दिवाळीला, घरातल्या प्रत्येक लग्नाच्या सकाळी, मूल झालं की बारशाला हीच. मधे तो माणूस इंग्रजीत गातो, तेवढं चालवून घ्या म्हणायचे. भावंडांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं की हे बीटल्स आहेत.

ते गाणं ‘द इनर लाइट’. मला ते सांगताना आवाज सांभाळावा लागला. त्याचं संगीत मुंबईत वाजवलेलं आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या कामासाठी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत होता. तिथंच आपल्या वादकांना घेऊन त्यानं हे करून घेतलं. बासरी हरिप्रसाद चौरसियांची, सरोद आशिष खाँचं. हॅरिसननं आवाज नंतर लंडनमध्ये भरला. त्याच्या दोन वर्षं आधी बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या एलपीत अनिल भागवतांनी तबला वाजवला होता आणि कव्हरवर त्यांचं नाव छापलं होतं. भागवत! ते नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुकानात दिसेल त्याला कव्हर दाखवत होतो.

बाईंनी विचारलं, “मग आमच्या बाजूचा नंबर कितवा आला?”

प्रश्न बरोबर होता. ब्रिटनमध्ये तबकडीला एकच नंबर असे. अमेरिकेत बिलबोर्ड या मासिकाच्या शंभर गाण्यांच्या यादीत मात्र १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत दोन्ही बाजू वेगळ्या मोजत. त्यामुळेच १९६७ मध्ये एकाच तबकडीवरचं बीटल्सचं ‘पेनी लेन’ तिथं पहिलं आलं आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आठवं. (ब्रिटनमध्ये ती तबकडी दुसऱ्या नंबरवर अडली. तिला अडवणारा गायक एंगलबर्ट हंपरडिंक जन्मला मद्रासला!) ‘द इनर लाइट’लाही असा स्वतःचा नंबर मिळाला होता.

“शहाण्णव. एक आठवडा.”

बाईंनी बोटांवर मोजलं. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. “शेवटून पाचवा,” त्या म्हणाल्या. “पण अमेरिकेच्या शंभरात आमच्या बाबांची सनई आली.” आणि डोळ्यांना पदर लावला.

भाव मी सांगितला नाही, त्यांनीही विचारला नाही. एवढी झिजलेली प्रत तशी बाजारात चालत नाही, पण ती आता विकायची नव्हतीच. आम्ही ती बाजू आणखी दोनदा ऐकली. भाच्याला फोन लावून स्पीकरपाशी धरला. मी नवं कागदी पाकीट दिलं, आणि बाईंच्या सांगण्यावरून त्यावर पेन्सिलीनं लिहिलं: मुंबई, १९६८, सनई.

पाचनंतर ऊन उतरू लागलं तेव्हा त्या निघाल्या. ट्रंक माझ्याकडेच ठेवली, हिशेब सावकाश करू म्हणाल्या. तबकडी पिशवीत घातली नाही. पदराखाली छातीशी धरली आणि रिक्षावाल्याला विचारून सावलीच्या बाजूला बसल्या.