पत्र्याचं काम कोणाला द्यावं? तुम्ही विचारलंत म्हणून

होळी झाली की माझ्या फोनवर हा प्रश्न सुरू होतो. ‘आप्पा, पत्रासनं काम कोनले देऊ?’ असं अमळनेर-पारोळ्याकडचे लोक विचारतात. धुळ्या-जळगावच्या कॉलन्यांमधले ‘सर, एखादा खात्रीचा कॉन्ट्रॅक्टर सांगा ना’ म्हणतात. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात झाली. शाळाखोल्यांची छपरं बसवून घेतली, वावधन, म्हणजे आपल्याकडचा वादळवारा, होऊन गेलं की तलाठी आणि ग्रामसेवकाबरोबर पंचनाम्याला फिरलो. त्यामुळे माझ्याजवळ एखादं नाव असणारच, असं लोकांना वाटतं. यंदा त्यात भाचीची भर पडली. ती श्रीवर्धनला दिलेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिच्या सासरचं निम्मं छप्पर गेलं होतं. घाईघाईत डागडुजी केली, आता नीट करायचंय. ‘मामा, इथला कॉन्ट्रॅक्टर कसा पारखू?’ असं ती विचारते.

नाव मी कोणालाच देत नाही. आज चांगलं काम करणाऱ्याचे कारागीर पुढच्या वर्षी सुरतेला निघून जातात आणि नाव तेवढं मागे राहतं. त्याऐवजी मी एक प्रश्न देतो. काम बघायला येईल त्याला जागेवर उभं करून विचारा: ‘वारा हा पत्रा खालून उचलायला लागला, तर त्याला धरून काय आहे?’ जो फक्त स्क्रूचं नाव घेऊन थांबतो, त्याला चहा पाजून पाठवून द्या. जो पत्र्यावरून त्याच्याखालच्या आडव्या लोखंडी पाईपवर, पाईपवरून भिंतीवर आणि भिंतीच्या आत किती खोल जायचं तिथपर्यंत बोलत जातो, त्याच्याशी पुढचं बोला.

हा प्रश्न आपल्याकडे नवा आहे, कारण आपली जुनी घरं धाब्याची. खाली सर म्हणजे लाकडी तुळया, त्यावर किलचन म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे, त्यावर पालापाचोळा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. एवढं वजन कुठला वारा उचलणार? तिथल्या मिस्तरीला एकच चिंता असायची, ओझं खाली कसं पोचवायचं. गळतं म्हणून, लाकूड मिळत नाही म्हणून, माती टाकायला माणूस मिळत नाही म्हणून धाबी गेली आणि पत्रे आले. पत्र्याची चिंता नेमकी उलटी आहे. तो खाली पडत नाही, वर जातो. तरीही पुष्कळ ठिकाणी काम अजून धाब्याच्याच डोक्यानं चालतं: भिंतीवर पाईप टेकवले, पत्रा ठोकला, झालं.

थोडा हिशोब सांगतो, कारण तो कळला की माणूस कारागिराशी वेगळं बोलायला लागतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरला सुमारे ४७ किलोचा जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. छपरावरून वारा जाताना हा जोर बहुतेक वरच्या दिशेनं ओढतो आणि कडा, कोपरे, आढं इथं मधल्या भागापेक्षा बराच जास्त ओढतो. आता दहा बाय बाराची खोली घ्या. तिच्यावरच्या पत्र्याचं वजन पन्नासएक किलो, आणि वाऱ्याची ओढ ५०० किलोच्या घरात. समोरचं दार उघडं असेल किंवा पडवी मोकळी असेल तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, नाशिकसाठी सेकंदाला ३९ मीटर हा मूळ वेग धरतं, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईसाठी तो ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८. समुद्र लांब आहे म्हणून आपण निर्धास्त राहावं असा हा फरक नाही. मे-जूनमधलं वावधन चोपडा-यावल-रावेरच्या केळीच्या बागा बघता बघता आडव्या करतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तोच वारा गावातून जातो.

पंचनाम्यात मला सगळ्यात जास्त काय दिसलं, ते सांगतो. स्क्रू उपटून नुसता पत्रा उडाला, असं कमी वेळा. बहुतेक वेळा पत्रा आणि पाईप एकमेकांना घट्ट धरून, भिंतीच्या वरच्या दोन-तीन थरांच्या विटा सोबत घेऊन, शेजाऱ्याच्या अंगणात किंवा उकिरड्यावर पडलेले असायचे. पत्र्याचं काम पक्कं होतं, भिंतीनं मात्र पाईपला धरलंच नव्हतं. पाईपाचं टोक एका विटेच्या खाचेत बसवून वर सिमेंटचा गोळा थापलेला. हा गोळा म्हणजे दाराला कडी न लावता नुसती उशी टेकवून ठेवणं.

आणि दगड. पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूची पोती ठेवायची आपल्याकडची सवय मोडायला हवी, हे मी पोटतिडकीनं सांगतो. पाचशे किलोच्या ओढीला वीस किलोचा दगड काय करणार? पत्रा उचलला की तो दगड घरंगळून आत येतो, आणि आत माणसं झोपलेली असतात. वादळात जखमी झालेल्यांमध्ये वाऱ्यानं लागलं असे थोडे, वरून काहीतरी पडून लागलं असे जास्त, हे मी पंचनाम्यांत पाहिलंय. जो कॉन्ट्रॅक्टर ‘वरून चार दगड ठेवून द्या, काही होत नाही’ म्हणतो, त्याला काम देऊ नका.

चांगला माणूस कसा असतो, तेही पाहिलंय. चोपड्याकडच्या एका शाळाखोलीच्या दुरुस्तीला एक मिस्तरी आला होता. छपराकडे त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. शिडी लावली, हातोडीच्या दांड्यानं भिंतीच्या सगळ्यात वरच्या विटा एकेक वाजवत गेला. काही खणखणीत वाजल्या, काही बद्द. बद्द वाजली तिथं खडूची फुली. खोलीला पूर्ण वळसा घालून खाली उतरला आणि म्हणाला, ‘साहेब, पत्रा मी उद्या लावतो, पण ही भिंत त्याला धरणार नाही. आधी वरून पट्टा ओतू द्या.’ मग त्यानं सांगितलं: फुल्यांचे थर काढायचे, भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सळईचा काँक्रीटचा पट्टा ओतायचा, पाईप जिथं येणार तिथं आटे पाडलेल्या १२ मिलिमीटरच्या सळया खाली वळवून पट्ट्यात गाडायच्या, आणि पाईप त्यांना प्लेट-नटनं आवळायचा. पट्ट्याचा खर्च परवडतच नसेल तर लोखंडी पट्टी पाईपावरून वळवून भिंतीवर दोन-तीन फूट खाली आणायची आणि तिथं भिंत आरपार कोरून काँक्रीटमध्ये पक्की करायची. माझा प्रश्न मी त्याला विचारायच्या आतच त्यानं उत्तर दिलं होतं.

आपल्या खान्देशात आणखी एक गोष्ट आहे, ती कोकणातल्या माणसाला एवढी छळत नाही: ऊन. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो आणि पहाटे थंड होतो. वीस फुटी पत्रा असा रोज जवळपास तीन मिलिमीटर लांब होतो आणि पुन्हा आखडतो. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालली की स्क्रूचं भोक लांबट होतं, रबरी वायसर कडक होऊन तडकतो. मग वादळ नेमकं त्याच दिवसांत येतं, उन्हानं सगळं सैल करून ठेवल्यावर. म्हणून कारागिराला वायसर हातात द्यायला सांगा. बोटांत दुमडून पाहा. चांगलं रबर दुमडतं आणि सोडलं की सरळ होतं, हलकं रबर नवं असतानाच कडेला पांढुरकं पडतं. स्क्रू आवळताना वायसर किंचित फुगलेला दिसला पाहिजे. चिरडून बाहेर आला तर जास्त आवळला, फिरत राहिला तर कमी. कडांना आणि आढ्याजवळ स्क्रू मधल्या भागापेक्षा दाट हवेत. दर फुटाचा भाव ठरवताना याबद्दल कोणी बोलत नाही, त्यामुळे कडेलाही मधल्याएवढेच स्क्रू लागतात. दोन पत्र्यांचा जोड जिकडून वारा येतो तिकडे तोंड करून नको, हेही विचारून घ्या.

आता भाचीचं. तिला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की इथून कोणाला पाठवणार नाही, माणूस तिथलाच घे. निसर्गनंतर झाडं आडवी पडून रस्ते बंद होते, वीज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी चालत येऊ शकेल असाच माणूस उपयोगाचा. शिवाय जांभ्याच्या भिंतीत बोल्ट कसा धरतो, हे जांभ्यात काम केलेल्यालाच ठाऊक. आपलं वावधन अर्ध्या तासात निघून जातं. चक्रीवादळ तासन्‌तास घोंघावतं आणि जाता जाता वाऱ्याची दिशा फिरवतं. पत्रा हजारदा वर-खाली होतो आणि स्क्रूभोवती बारीक तडे जाऊन फाटतो. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विनवर ट्रेसी वादळ आलं, तेव्हा हजारो घरांची छपरं याच तऱ्हेनं गेली आणि त्यानंतर तिथं पत्रे पुन्हापुन्हा हलवून तपासायला लागले. म्हणून किनाऱ्यावर पातळ पत्रा घेऊच नये, आणि स्क्रूखाली रुंद वायसर असावा.

खारा वारा हा तिथला दुसरा वैरी. पत्रा चांगल्या लेपाचा घेतला आणि स्क्रू साधा, तर स्क्रू आधी गंजतो आणि पत्रा शाबूत असताना छप्पर जातं. तिच्या कोटेशनमध्ये पत्र्याची कंपनी, रंग, जाडी सगळं होतं. स्क्रूबद्दल ‘आवश्यक ते’ एवढेच शब्द. तिला म्हटलं, अगं, तिथं स्टेनलेसचे लिहून घे, नग आणि अंतर दोन्ही. छपराचा आकार बदलायला मिळत असेल तर चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उताराचं कर, दुपाखी घराची त्रिकोणी भिंत वाऱ्याला छाती देऊन उभी राहते. वळचण फार लांब काढू नकोस. पडवी हवीच असेल तर तिचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं बांध, म्हणजे पडवी गेली तरी घर राहील.

पैशाचं थोडक्यात. पत्रा तोलून घ्या. चार फुटी पट्टीपासून बनवलेला दहा फुटी पत्रा ०.५० मिलिमीटरचा असेल तर साडेचौदा किलोच्या आसपास भरतो, ०.४० चा असेल तर तीन किलोनं हलका. टेम्पोतून उतरताना पाच-सहा पत्रे काट्यावर ठेवले की काय ते कळतं, आणि प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही. रक्कम टप्प्यानं द्या: माल आल्यावर, पाईप भिंतीला आवळून झाल्यावर (तो टप्पा स्वतः शिडीवर चढून पाहा, पत्रा लागल्यावर ते झाकलं जातं), पत्रा पूर्ण झाल्यावर, आणि एक हिस्सा पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर. हे कागदावर असू द्या. जुनं काम दाखवायला सांगा, आणि ते गेल्या वर्षीचं नको, निदान पाच उन्हाळे काढलेलं हवं. घरमालकाला त्याच्यासमोर न विचारता नंतर एकट्याला विचारा की गळतंय म्हणून फोन केला तेव्हा हा आला होता का.

काम दिवाळीनंतर काढा आणि काही झालं तरी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत संपवा. आखाजीला लेकी माहेरी येतात, घर भरलेलं असतं, आणि वावधनाचे दिवसही तेच. वादळ झाल्यावर पत्र्याचे भाव चढतात, कधी न पाहिलेले टेम्पो गावात फिरायला लागतात, उचल घेऊन दोन खोल्या करतात आणि तिसरीला सापडत नाहीत. त्या वेळी घाई करू नका. ताडपत्री घट्ट बांधा, पंचनामा होईपर्यंत पडलेला पत्रा तसाच ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा, घराच्या नोंदीचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हाताशी ठेवा. वादळाआधीचा घराचा एक फोटो फोनमध्ये असेल तर पंचनाम्यात फार उपयोग होतो. आजच काढून ठेवा.

एक गोष्ट पुष्कळ लोक विचारत नाहीत, मी मुद्दाम सांगतो. वर चढणाऱ्या पोरांच्या कमरेला दोर असतो का, ते बघा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर सरळ पाय देऊन चालणारा मजूर पत्र्यासकट खाली येतो, ते मी पाहिलंय. फळी टाकून, दोर बांधून, पहाटे सहाला चढून दहाच्या आत उतरवणारा ठेकेदार दोन दिवस जास्त घेईल, चार पैसे जास्त मागेल. ते द्या. आणि मजुरांचा विमा आहे का, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा, कारण अपघात तुमच्या घरावर होणार आहे.