हेक्टर, गुंठा आणि युरियाचं पोतं

बी.एड.च्या छात्रसेवाकालाचे, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायच्या सरावाचे, शेवटचे 8 दिवस राहिलेत. रोज झोपताना वाटतं हे लिहून ठेवलं पाहिजे नाहीतर निसटून जाईल, म्हणून आज बसलेच. शाळेचं नाव घालत नाही. पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी, हायस्कूलला जोडूनच ज्युनिअर कॉलेज आहे आणि तिथं मला अकरावीच्या बायफोकलचं, म्हणजे व्यवसाय शिक्षणाच्या विषयातलं, पीकशास्त्र मिळालंय. मी बीएस्सी ॲग्री केलेली, त्यामुळे घरी सगळ्यांचं एकच, ॲग्री केलंस तर एमपीएससी दे की, शाळेत शेती शिकवायला कशाला बी.एड. लागतंय.

पहिल्या दिवशी वर्गात साधंच विचारलं, हा विषय का घेतला? पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "मार्क पडतात मॅडम." कुणी हसलं पण नाही, कारण सगळ्यांचं तेच होतं. मग विचारलं, घरी ऊस किती जणांच्यात आहे? दोन पोरी सोडल्या तर सगळे हात वर. म्हणजे ज्याच्यावर घर चालतं, बहिणीचं लग्न ठरतं, सोसायटीचं कर्ज फिटतं, तेच वर्गात आलं की फक्त मार्कांचं होतं. वर्गातला ऊस आणि घरचा ऊस यांची गाठच पडत नाही. मला ते फार लागलं.

खतांचा पाठ आला. मी पाठाचं टाचण मन लावून केलेलं, चार्ट रंगवलेला. आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेल्या उसाला हेक्टरी 400 किलो नत्र (नायट्रोजन), 170 स्फुरद (फॉस्फरस), 170 पालाश (पोटॅश). पोरांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. मागच्या बाकावर एकजण आहे, बोलत नाही फारसा, सकाळी धार काढून दूध घालून शाळेला येतो, त्याला विचारलं तुमच्यात किती टाकतात? तर म्हणाला, "मॅडम, आमचं रान 30 गुंठं. त्याला हेक्टर कसा लावायचा?"

त्या रात्री मी तो चार्ट गुंडाळून ठेवला. पुस्तक हेक्टरमध्ये बोलतंय, घर गुंठ्यात बोलतंय आणि दुकानदार पोत्यात, आणि या तिघांच्यामध्ये पोरगं उभं आहे, त्याला कुणी सांगतच नाही की हे तिन्ही एकच आहे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर फक्त गणित. हेक्टर म्हणजे साधारण 100 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 4 किलो नत्र. एकर 40 गुंठ्यांचा, म्हणजे 160 किलो. युरियाचं पोतं 45 किलोचं, त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे एका पोत्यात 20.7 किलो. भागाकार केला, एकरी पावणेआठ पोती. मी त्या आकड्याभोवती चौकट काढली आणि वळले, तर तोच मागच्या बाकावरचा उभा राहिला. "पण मॅडम, आम्ही 10:26:26 पण टाकतोय की. त्यातला पहिला आकडा नत्राचाच ना? तो कुठं धरला?"

हातात खडू, मागं निरीक्षणाला आलेल्या मॅडम वही घेऊन बसलेल्या, आणि माझ्या टाचणात हा मुद्दाच नव्हता. मी म्हटलं, तू म्हणतोस ते बरोबर आहे, आपण परत मांडू. चौकट पुसली. एकरी स्फुरद लागतं 68 किलो, 10:26:26 या मिश्र खताच्या 50 किलोच्या पोत्यात ते 26 टक्के, म्हणजे 13 किलो असतं, म्हणजे साधारण सव्वापाच पोती लागली. आता त्याच सव्वापाच पोत्यांतून 10 टक्क्यांनी 26 किलो नत्र पण आलं. 160 मधून ते वजा केलं की राहिलं 134, आणि तेवढ्याला युरिया लागतो साडेसहा पोती. एकरामागं सव्वा पोतं कमी! वर्गात जो गलका झाला तो मी विसरणार नाही. प्रत्येकजण आपापल्या रानाचं गणित करत होता, 22 गुंठ्यांचं, दीड एकराचं, एकीचं तर वाटणीतल्या साडेसात गुंठ्यांचं.

निरीक्षणाच्या वहीत शेरा आला, वेळेचं नियोजन नाही, शेवटचा मुद्दा अपूर्ण. खरं आहे, अपूर्ण राहिला. पण तो पाठ मी परत घेतला तर परत तसाच घेईन, हे मी मॅडमना पण सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या निरीक्षणाला वेळेच्या आधी येऊन मागं बसल्या.

गृहपाठ एकच दिलेला, घरी विचारून या एकरी किती पोती युरिया टाकता. कुणी 10 सांगितली, कुणी 12, आणि बऱ्याच जणांनी सांगितलं की मोजत नाही, उसाचा रंग बघून टाकतात. टाकणारच ना, दुकानात 266 रुपये 50 पैशाला पोतं मिळतंय, त्याच्याइतकं स्वस्त दुसरं कुठलं खत आहे? आणि टाकलं की 8 दिवसांत हिरवागार दिसतो, शेजारचा विचारतो काय टाकलंस. मग तोच ऊस पुढं लोळतो, कीड धरतो, साखरेचा उतारा पण घटतो, आणि उरलेलं नत्र पाण्याबरोबर खाली जातं. हे पुस्तकात आहे, पण घरचा आकडा कळल्यावरच ते पोरांना पटलं.

मागच्या बाकावरच्यानं घरी सांगितलं तर वडील म्हणाले तू शाळा शीक. आता माझी एसटी रोज किर्लोस्करवाडीवरून जाते. लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणत सुरवातीला शेतकरी किर्लोस्करांचा नांगर घेत नव्हते, आणि 1910 मध्ये ज्या माळावर ही वाडी वसली त्याच्या आसपासचीच ही गावं. नवं पटायला वेळ लागतोच, म्हणून मी त्याला म्हटलं एकदम सगळं रान मागू नकोस. त्यानं 5 गुंठे मागितले आणि वडिलांनी दिले. लागणीला सात आठवडे झालेले, म्हणजे नत्राचा 40 टक्क्यांचा हप्ता द्यायचीच वेळ. 5 गुंठ्यांना एकूण 20 किलो नत्र, त्याचे 40 टक्के म्हणजे 8 किलो, म्हणजे युरिया साडेसतरा किलो. पोरानं घरच्या काट्यावर तोलून, पाच घमेल्यांत सारखा वाटून, एका घमेल्याला एक गुंठा असा टाकला. तोडणीला मी इथं नसणार, ऊस पुढच्या वर्षी जाणार, पण टनेज कळवायचं असं त्यानं स्वतःहून सांगितलंय.

माती परीक्षणात मात्र माझी चूक झाली आणि ती पोरांना भोवली. नमुना कसा घ्यायचा ते मी सगळं शिकवलं. नागमोडी चालत 10-12 ठिकाणी, व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, बांधाकडेचं नको, झाडाखालचं नको, उकिरड्याजवळचं नको, सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, अर्धा किलो राहीपर्यंत. सोयाबीन निघालेली रानं होती त्यामुळे वेळ पण बरोबर. सोमवारी पोरं नमुने घेऊन आली आणि बघते तर निम्म्या जणांनी माती खताच्या पिशवीतून आणलेली. त्या पिशवीला आतून खत लागलेलं असतं, नमुना वाया गेला. कापडी पिशवी आणा हे एक वाक्य माझ्याकडून राहिलं. मी वर्गात सरळ सांगितलं माझी चूक आहे, आणि रविवारी त्यांच्याबरोबर रानात जाऊन परत नमुने काढले.

त्यातला एक नमुना माझ्या डोक्यातून जात नाही. एका मुलीचं रान, पाऊण एकर, नदीकडच्या बाजूला. ऊस गेल्यावर पडूनच आहे. ऊन पडलं की वर पांढरी साय धरल्यासारखी दिसते, पायाखाली भुसभुशीत लागते. तिचे वडील दोन वर्षं जिप्सम टाकतायत, दुकानात सांगितलं म्हणून. रिपोर्ट आला, सामू (पीएच) 8.1 आणि क्षार भरमसाठ. आदल्याच आठवड्यात शिकवलेलं, सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण, तिला जिप्सम. सामू साडेआठच्या आत आणि क्षार जास्त असतील तर ती क्षारयुक्त, तिला निचरा पाहिजे, गोड्या पाण्यानं क्षार खाली धुऊन बाहेर काढायला पाहिजेत. तिनं रिपोर्ट वाचला, वहीतलं पान काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, म्हणजे पप्पांचं जिप्सम फुकट गेलं."

मला काय बोलावं सुचेना. हो म्हणाले.

मग तिनं विचारलं चर कुठं काढायचा. आणि इथं पुस्तक संपतं. पुस्तकात लिहिलंय उताराच्या दिशेनं चर काढून पाणी नाल्यात सोडावे. पण नाला कुणाच्या रानापलीकडं आहे ते पुस्तकात नसतं. पाऊण एकरवाल्यानं एकट्यानं पाईप गाडून भागत नाही, पाण्याला बाहेर पडायला वाट लागते आणि ती वाट दुसऱ्याच्या बांधातून जाते. कृष्णाकाठची किती रानं अशी पांढरी पडलीत ते एसटीच्या खिडकीतून रोज दिसतं, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, शेजारचा तयार नाही.

तिनं काल शिवाराचा नकाशा काढून आणला. पट्टीनं आखलेला, उताराचे बाण काढलेले, ओढा निळ्या पेनानं, कुणाचं रान कुठं ते सगळं. तिच्या रानापासून ओढ्यापर्यंत मध्ये एकच रान आहे आणि ते तिच्या चुलत्यांचं. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. सोमवारी माझा शेवटचा पाठ आहे, निचरा. ती म्हणाली मॅडम, त्यादिवशी मी चुलत्यांच्या पोराला पण वर्गात बसायला आणू का, तो दहावीला आहे. मी मुख्याध्यापकांना विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत.