फूटपट्टीभर पाणी : आमची वाटचाल

कुपवाड एमआयडीसीतला आमचा गाळा सुरू झाला तो बीपीची यंत्रं दुरुस्त करायला. पारा गाळायचा, बल्ब बदलायचा, काटा शून्यावर आणायचा. शेजारचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कामाला तोटा नव्हता.

एकदा एका भूलतज्ज्ञ मॅडमनी बंद पडलेलं परदेशी गेज, म्हणजे दाब मापायचं यंत्र, टेबलावर ठेवलं. "बघा उघडून. नवीन परवडत नाही आणि बोटांवर माझा भरवसा नाही." बोटांचा काय संबंध, ते त्यांनीच सांगितलं. भूल दिल्यावर श्वासनलिकेत जी ट्यूब घालतात, तिच्या टोकाशी कफ नावाचा फुगा असतो. तो फुगवला की कडेनं हवा निसटत नाही, घशातली घाण फुप्फुसात उतरत नाही. कफला जोडलेला, बाहेर लोंबणारा छोटा फुगा म्हणजे पायलट बलून, तो चिमटीत दाबून 'ठीक आहे' म्हणायची पद्धत. पण चिमूट चुकते, मुरलेल्या डॉक्टरांचीही. दाब हवा 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका. त्याहून कमी असला तर गळती. जास्त झाला तर नलिकेच्या अस्तराचं रक्त अडतं, घसा धरतो, आवाज बसतो, क्वचित नलिकाच पुढे अरुंद होते.

30 सेंटिमीटर पाणी म्हणजे शाळेतली एक फूटपट्टी! पाऱ्यात जेमतेम 22 मिलिमीटर. आमची सवय 120-140 ची. बीपीच्या डायलवर हा काटा नुसता खालच्या कोपऱ्यात थरथरला असता. गेज दुरुस्त करता करता आपणच एक बनवावं असं डोक्यात शिरलं. मऊ डायाफ्राम, म्हणजे दाबानं हलणारा पातळ पडदा, मिळवण्यात दीड वर्ष गेलं. कॅलिब्रेशनला, म्हणजे काटा बरोबर दाखवतो का ते ताडून पाहायला, मात्र भारी यंत्र लागलं नाही. भिंतीवर काचेची यू नळी, मागे पट्टी, पाण्यात जिलेबीचा रंग.

पहिला लॉट आमच्याच चुकीनं परत आला. हाताळायला सोपं म्हणून रबरी नळी लांब ठेवली होती. कफमध्ये हवा असते थोडी, त्यातली बरीच जोडताक्षणी आमच्या नळीत यायची. म्हणजे मापायला गेलो आणि दाबच पाडून बसलो! नळी वीतभर केली.

दुसरी तक्रार जास्त झोंबली. "तुमचा काटा आपोआप चढतो." 24 वर ठेवलेला तासाभरात 38. गाळ्यात तेच गेज दोन तास जागचं हललं नाही. शेवटी ऑपरेशन थिएटरचे, म्हणजे ओटीचे, कपडे घालून कोपऱ्यात उभा राहिलो. काटा खरंच चढत होता. मॅडम हसल्या, "अहो, नायट्रस चालू आहे ना." नायट्रस ऑक्साइड हा भुलेसाठी देतात तो वायू, कफच्या पातळ भिंतीतून जितक्या वेगानं आत शिरतो, तितक्या वेगानं आतली हवा बाहेर पडत नाही. गेज खरं बोलत होतं. म्हणून एकदा मापून भागत नाही, अधूनमधून पाहून जादा हवा काढावी लागते.

मग 2017 चे वैद्यकीय उपकरणांचे नियम आले, 2020 पासून सगळीच उपकरणं त्यांत आली. कागदांनी एक कपाट भरलं. त्याबद्दल फार बोलत नाही, पण प्रत्येक गेजला नंबर आणि तपासणीची नोंद ही शिस्त त्यामुळेच लागली, हे खरं.

मागच्या महिन्यात एका सिस्टरांचा फोन आला. "काका, ते नायट्रसचं जरा मोठ्या अक्षरात छापा की. ओटीत चष्म्यावर वाफ धरतीय." गेजसोबत द्यायच्या सूचनांचं नवीन कार्ड छापायला टाकलंय.