जाळीचा ऑइल फिल्टर की कागदाचा? दोन्ही चालवून पाहिल्यावरचा माझा अनुभव

धुऊन परत बसवायचा स्टीलच्या जाळीचा ऑइल फिल्टर मला साडेसहा हजाराला पडला. त्याच गाडीचा कागदी फिल्टर लातूरला स्पेअर पार्टच्या दुकानात दीडशेला मिळतो. दोन्ही एकाच गाडीवर, एकाच ग्रेडच्या ऑइलवर, ५,००० किलोमीटर प्रत्येकी चालवले. गाडी छोटी पेट्रोल, फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास ऑइल बसणारी. वापर निम्मा हायवेला, निम्मा फुफाट्यात.

जाळीवाला घ्यायचाच असेल तर आधी आटे तपासा. छोट्या गाड्यांत दोन माप फार दिसतात: २० मिलिमीटर व्यासाचे दीड पिचचे (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर), आणि पाऊण इंचाचे इंचाला १६ आट्यांचे. हातात धरले तर सारखेच वाटतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्यामुळे २० चा फिल्टर पाऊण इंची बोल्टवर चढतो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे वरवरच धरलेले असतात. गार इंजिन चालू केल्यावर प्रेशर चढलं की डबा सुटतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर. माझ्या फिल्टरसोबत तीन अडॅप्टर आले होते, कुठला कशाचा ते कशावरच लिहिलेलं नव्हतं. व्हर्नियर लावून मापले, मगच एक निवडला.

दुसरं बघायचं ते आतले व्हॉल्व्ह. बायपास व्हॉल्व्हचं काम असं, की फिल्टर तुंबला किंवा पहाटे ऑइल घट्ट असलं तर न गाळलेलं का होईना, पण ऑइल बेअरिंगपर्यंत पोचू द्यायचं. काही इंजिनांत तो ब्लॉकमध्येच असतो, काहींत फिल्टरच्या डब्यात. तुमच्या गाडीचा डब्यात असेल आणि जाळीच्या फिल्टरला तो नसेल, तर तो फिल्टर फुकट मिळाला तरी घेऊ नका. दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे तोंडाशी असलेली रबराची चकती. इंजिन बंद झाल्यावर ती ऑइल परत इंजिनाखालच्या चेंबरमध्ये उतरू देत नाही. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर ही हवीच. माझा आडवा बसतो. जाळीवाल्याची चकती जरा ढिली निघाली, आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू केली की दोन-तीन सेकंद वरून खडखड यायची. कागदी फिल्टर परत लावला त्या दिवसापासून आवाज बंद.

बसवण्याची रीत दोन्हींची जवळपास एकच. इंजिन कोमट असताना ऑइल काढायचं. जुना फिल्टर खोलल्यावर ब्लॉकच्या तोंडावर जुनी रबर रिंग चिकटून राहिली का, ते बोट फिरवून बघायचं. नुसत्या नजरेवर जाऊ नका, काळ्यावर काळी दिसत नाही. दोन रिंग एकावर एक बसल्या की वरची प्रेशरने बाहेर फेकली जाते. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावायचं, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचं, मग पाऊण फेरा. नक्की किती ते डब्यावर छापलेलं असतं. पट्टा पाना खोलायला वापरा, आवळायला नको. ड्रेन नटाचं वायसर नवं घाला. ऑइल भरून इंजिन चालू केलं की ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत रेस करायची नाही. मग बंद करून पाच मिनिटांनी ऑइल मापायची काडी बघायची. कोरा फिल्टर दोन-अडीचशे मिली ऑइल पितो, तेवढं वर घालावं लागतं.

जाळी धुणं हे मला आधी वाटलं तसं दहा मिनिटांचं काम निघालं नाही. डबा उघडून आधी ओ-रिंग काढून बाजूला ठेवायची, कारण रॉकेलमध्ये रबर फुगतं. जाळी पसरट ताटलीत रॉकेलमध्ये तासभर भिजवली. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलही चालतं. पेट्रोल मात्र वापरू नका, ठिणगीला निमित्त लागत नाही. मऊ दाताच्या ब्रशने घडीच्या दिशेने घासायचं. तारेच्या ब्रशने जाळीची भोकं रुंदावतात आणि ते डोळ्याला कळतही नाही. नंतर हवा मारायची ती आतून बाहेर. ऑइल बाहेरून आत जातं, म्हणून घाण बाहेरच्या अंगाला असते. उलट मारली तर तीच घाण स्वच्छ बाजूला बसते आणि पुढच्या स्टार्टला थेट बेअरिंगमध्ये. पंक्चरवाल्याकडे हवा मारणार असाल तर आधी त्याच्या कंप्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी सोडायला सांगा. सुती फडक्याने पुसलंत तर धागे जाळीत अडकतात. शेवटी उन्हात अर्धा तास ठेवायचं. मेमध्ये आपल्याकडे एवढं पुरतं, पावसाळ्यात नाही, आणि उरलेलं रॉकेल नव्या ऑइलला पातळ करतं.

एवढं करूनही जाळी खरंच मोकळी झाली का, हे घरी कळायला मार्ग नाही. उजेडासमोर धरली तर घडीच्या तळाशी काळ्या रेषा राहिलेल्या दिसल्या. परत भिजवली, परत घासली, दोन रेषा तशाच. मला खरी अडचण इथे वाटली.

आता घाण पकडण्याचं. माझ्या जाळीच्या खोक्यावर ३५ मायक्रॉन लिहिलेलं होतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगले कागदी फिल्टर २० ते २५ मायक्रॉनच्या कणांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पकडतात. त्याची आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी आहे, आणि तिचा आकडा जो बनवणारा सांगतो त्याचा माल मी आधी बघतो. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. बेअरिंगमधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचाच, म्हणून झीज जास्त होते ती ५ ते २० मायक्रॉनच्या बारीक कणांनी. जाळी कण फक्त पृष्ठभागावर अडवते. कागदाच्या तंतूंच्या जाडीत वाटा नागमोडी असतात, तिथे भोकापेक्षा लहान कणही अडकतात. काजळी मात्र एक मायक्रॉनच्याही खालची, ती दोघांनाही चुकवते. ऑइल काळं पडलं म्हणजे फिल्टर बाद, हा हिशेब त्यामुळे चुकीचा.

कागदी फिल्टर ५,००० ला काढल्यावर कापून पाहिला. हॅक्सॉ नको, त्याचाच कीस आत पडतो. पाइप कापायच्या कटरने डब्याची कड फिरवून कापली. कागद पसरला, पांढऱ्या कपड्यावर दाबून ऑइल टिपलं आणि बॅटरीचा झोत तिरपा मारला. घड्यांच्या तळाशी गाळ, त्यात थोडी बारीक चमक. चुंबकाला चिकटली नाही, म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम. नखाला टोचेल असा एकही कण नव्हता. तसा सापडला असता तर फिल्टरची चर्चा सोडून इंजिन खोलायची वेळ.

जाळीला "फ्लो जास्त" म्हणतात, ते मला पटलं नाही. ऑइल पंप एका फेऱ्याला ठरलेलं माप ढकलतो. बायपास बंद असेल तोवर तेवढं सगळं कागदातूनही जातंच.

गॅरेजवाल्याने हटकून विचारलं, "अहो दादा, स्प्लेंडरला जाळीच असते की, लाखभर किलोमीटर पळती." बरोबर आहे, पण अर्धं. त्या इंजिनात जाळीशिवाय क्लच कव्हरच्या आत फिरती वाटी असते, ती गरागरा फिरून बारीक घाण कडेला फेकून धरून ठेवते. आणि स्प्लेंडरच्या क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याला, बॉल आणि रोलरचे बेअरिंग, ते थोडी घाण सोसतात. कारच्या क्रँकखाली मऊ धातूच्या गुळगुळीत अर्धगोल पट्ट्या, क्रँकला नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगत ठेवणाऱ्या. त्यांना कण रुतला की रेघ पडलीच.

पैशाचं गणित तर सरळच आहे. वर्षाला एक कागदी फिल्टर धरला तर साडेसहा हजार वसूल व्हायला ४३ वर्षं. टॅक्सीवाल्याला वर्षाला सहा लागले तरी सात वर्षं, ओ-रिंग आणि रॉकेल वेगळं. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर विचारच करू नका; इंजिनाचं काही झालं तर पहिलं बोट फिल्टरवर. शर्यतीच्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला जाळी कामाची, कारण दर खेपेला खोलून धातूचा चुरा लगेच बघता येतो.

धूळ ही तुमची काळजी असेल, तर तिचं दार एअर फिल्टरचं आहे. खोक्याच्या क्लिपा आणि रबरी पाइपाची क्लॅम्प बघा; आत स्वच्छ बाजूला बोट फिरवून पिवळसर पूड लागली तर कुठलाही ऑइल फिल्टर पुरायचा नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये धुळीच्या वापराला ऑइल बदलायचं अंतर कमी दिलेलं असतं. मी १०,००० ऐवजी ५,००० ला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो.

काढलेल्या कागदी फिल्टरच्या डोक्याला गरम असतानाच खिळ्याने भोक पाडून रात्रभर डब्यावर उलटा ठेवायचा, मग पत्रा भंगारात. ऑइल ज्या गॅरेजातून रीतसर रिसायकलवाला उचलतो तिथे द्या. माझ्याकडे कुणी दाराच्या बिजागरीला, कुणी लाकडाच्या वाळवीला मागायला येतं. देत नाही.