ठाणे ते टिटवाळा सायकलवर, पिशवीत पत्रिका : रांजणोलीमार्गे जाऊ नका

आधी निकाल सांगते. ठाण्याहून टिटवाळ्याला सायकलने जायचं असेल तर नाशिक हायवे, रांजणोली नाका, कोन, दुर्गाडी असा रस्ता धरू नका. कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी धरू नका. कळवा, खारेगाव, माणकोली, मोठागावचा पूल, डोंबिवली, पत्री पूल आणि कल्याण असे जा. नकाशावर वळसा वाटेल. वाटू दे.

मी आणि माझा होणारा नवरा, आम्ही दोघंही सायकलवाले. लग्न ठरलं तेव्हाच ठरवलं होतं की जवळच्या पत्रिका सायकलवरून द्यायच्या. पहिली पत्रिका गणपतीची, आणि होणाऱ्या सासूबाईंच्या माहेरी टिटवाळ्याच्या महागणपतीपुढे पत्रिका ठेवल्याशिवाय पुढचं पान हलत नाही. कण्व मुनींचा आश्रम इथेच होता, शकुंतलेने या गणपतीची आराधना केली आणि तिचा दुष्यंत तिला परत मिळाला, अशी कथा आहे. त्यामुळे लग्न जमायला आणि जमलेलं टिकायला लोक इथे येतात. शकुंतलेला काय त्रास झाला असेल तो असो, तिला भिवंडी बायपास, म्हणजे हाच नाशिक हायवे, लागला नव्हता.

रस्ता आम्हाला एका अनुभवी सायकलस्वाराने दिला. मोबाइलवर ट्रॅक पाठवला आणि वर सांगितलं, "आठ पदरी झालाय, सर्व्हिस रोड थेट आहे, मलईसारखा रस्ता." माजिवडा ते वडपे या साधारण २४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे हे ठाण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण हा गृहस्थ महिन्याला हजार किलोमीटर मारतो, त्याच्यापुढे कोण बोलणार? नंतर कळलं की तो धुळवडीच्या दिवशी पहाटे पाचला गेला होता. त्या दिवशी तर मी घोडबंदरच्या गायमुख घाटातूनही गाणी म्हणत जाईन.

रविवारी सहाला पाचपाखाडीहून निघालो. होणारा नवरा ऐरोलीहून विटावा, कळवा करत माझ्याकडे आला होता. म्हणजे बरोबर रस्त्यावरून येऊन, ट्रॅकच्या नादाने पुन्हा चुकीच्या रस्त्याला लागला. माजिवड्यापर्यंत ठीक. साकेत पुलावर कडेला जागा नाही आणि पुलाच्या सांध्यांवर २८ मिलीमीटरचं टायर खाडकन बसतं. मागचा दिवा लावाच, अंधार असो वा नसो.

खरा त्रास खारेगावपासून. मुंब्रा बायपासवरून येणारे, म्हणजे उरणच्या बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे आणि पुढे गुजरातकडे जाणारे कंटेनर इथे हायवेला मिळतात. अवजड गाड्यांना ठाण्याच्या हद्दीत दिवसा ठरावीक तासांतच सोडतात, त्यात दुपारचे बारा ते चार हे येतातच. मग सकाळी रस्ता मोकळा असेल असं आम्हीही समजत होतो. तसं नसतं. बंदीत अडकलेले ट्रेलर रस्त्याच्या डाव्या कडेला रांग लावून उभे असतात, आणि डावी कड म्हणजे सायकलची जागा. त्यांना वळसा घालायला आत जावं तर मागून नाशिकला निघालेल्या गाड्या ऐंशी-नव्वदच्या वेगाने. कडेला राहावं तर ट्रेलरचं दार उघडून चालक तोंड धुतोय. खाडीपूल ते माणकोली मी एकदाही खोगिरावर नीट टेकले नाही.

आता तो सर्व्हिस रोड. आहे, खोटं नाही बोलणार. पाचशे मीटर आहे, मग खडीचा ढीग आहे. पुन्हा तीनशे मीटर आहे, मग खणलेलं गटार आहे आणि त्यावर ना फळी ना दोरी. त्यातून हायवेवर परत यायचं तर मधे वीतभर उंच कड, म्हणजे उतरा, सायकल उचला, मागे बघा, चढवा. पिशवीत पन्नासेक पत्रिका, कुलूप आणि पूजेचं सामान असताना हे करून बघा. ओवळीच्या पुढे त्याचं मागचं चाक फाटलं. पंक्चर नव्हे, टायरची बाजूच कापली गेली. आतून दहा रुपयांची नोट घडी करून लावली आणि पुढे गेलो. जुनी युक्ती आहे, चालते. नोट कोरडी हवी.

रांजणोली नाक्यावर उजवीकडे कल्याणला वळायचं असतं. हे वळण सायकलवर बसून घेऊ नका. उतरा, माणसांबरोबर पायी ओलांडा, लाज बाळगू नका. पुढे कोनपर्यंत धूळ, गोदामं, ढाबे आणि उलट्या दिशेने येणाऱ्या रिक्षा. दुर्गाडीच्या पुलावर आलो तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतलं आणि मराठी आरमाराची सुरुवात ज्या खाडीत केली ती हीच. डावी-उजवीकडे बघायचं त्राणच उरलं नव्हतं, म्हणून वर्णन नाही.

कोनला पाणी प्यायला थांबलो तेव्हा हॉलच्या मॅनेजरचा फोन. "मॅडम, एस्टिमेटमध्ये म्युझिक लायसन्सचे राहिले होते, तेवढे वाढवतो." हे लग्नवाल्या सगळ्यांनीच वाचा, सायकल असो नसो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे धार्मिक विधीत आणि केंद्र-राज्य सरकारच्या कार्यक्रमांत गाणी वाजवली तर हक्कभंग होत नाही, आणि धार्मिक विधीमध्ये लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सोहळे येतात असं त्यातच स्पष्टीकरण आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचनाही काढली की लग्नसमारंभांसाठी अशी रॉयल्टी मागू नये. मी धुळीत उभी राहून, हेल्मेट काढून, हे सगळं मॅनेजरला ऐकवलं. तो म्हणाला, "बघतो." दुसऱ्या दिवशीच्या एस्टिमेटमध्ये ती ओळ नव्हती, "मेंटेनन्स" नावाची नवी ओळ होती, रक्कम तीच. तीही काढायला लावली. हॉलवाल्यांशी बोलायचं ते दमलेलं असताना बोलावं, भीड राहत नाही.

कल्याण गांधारे ते टिटवाळा मस्त आहे. रिंगरोडचा जेवढा भाग झालाय तेवढा रुंद, वारा, एका बाजूला उल्हास. यावर लिहिण्यासारखं काही नाही. मधे रस्ता तुटला तर कोणालाही आंबिवली विचारा. मंदिर स्टेशनच्या पूर्वेला, रूळ ओलांडून जावं लागतं, तिथल्या खोळंब्याची अर्ध्या तासाची तयारी ठेवा.

आई-बाबा आणि सासू-सासरे लोकलने ठाण्याहून सुखात आले होते आणि रसवंतीवर आमची वाट बघत बसले होते. आईचं पहिलं वाक्य, "हळदीला आठवडे उरलेत आणि हा चेहरा?" सासूबाईंनी काही न बोलता पिशवीतून ओला पंचा काढून दिला. माणूस असं हवं.

आता मंदिराजवळची लूट. सायकल उभी करायला जागा मागितली तर एकाने मोटरसायकलचा दर सांगितला, दोन सायकलींचे दोन वेगळे, वर "महागाची दिसते" म्हणून सांभाळायचे जास्त. दुसऱ्याने फुकट म्हणून सांगितलं, अट एकच, पूजेचं ताट त्याच्याकडून घ्यायचं. ताटात नारळ, दूर्वा, जास्वंद, पेढ्यांचा पुडा, एक उपरणं. किंमत विचारली तर "देवाचं आहे, आधी दर्शन घ्या". दर्शन घेऊन आल्यावर चारशे एकावन्न. पेढ्यांच्या पुड्यावर छापील किंमत होती, त्यावरून बाकीच्या सामानाचा हिशेब मीच केला, तो दीडशेच्या वर जात नव्हता. बाबा म्हणाले, जाऊ दे, शुभकार्य आहे. शुभकार्य म्हणून तर सगळेच लुटतात! अडीचशेवर मिटलं, पण डोकं उठलं. दूर्वा-नारळ घरून न्या. आधी किंमत ठरवल्याशिवाय ताटाला हातही लावू नका. सायकली स्टेशनजवळच्या अधिकृत स्टँडवर लावा आणि चालत या, रस्ता फार नाही. संकष्टी, मंगळवार आणि अंगारकी टाळा हे सांगायला नकोच.

कुलपाचं एक महत्त्वाचं. एरवी आम्ही एकेक जण आत जातो, दुसरा सायकली बघतो. पत्रिका ठेवायला दोघांनी एकदम उभं राहावं लागतं, हे ट्रॅक देणाऱ्या ब्रह्मचाऱ्याच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. दोन्ही सायकली खांबाला एकत्र बांधता येतील असं लांब केबलचं कुलूप न्या. सुटणारे दिवे आणि मीटर काढून खिशात. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट असतील तर चप्पल वेगळी न्या, दगडी फरशीवर मी घसरता घसरता वाचले. गाभाऱ्यापुढे सायकलच्या चड्डीत उभं राहणं मला पटत नाही, वर घालायला कुर्ता आणि सलवार गुंडाळून नेली होती. त्याने धोतर नेलं होतं. कुठे आणि कसं नेसला ते विचारू नका.

दर्शन छान झालं. माधवराव पेशव्यांच्या काळात मंदिर उभं राहिलं असं सांगतात. गुरुजींनी पत्रिका देवापुढे ठेवली, दोघांची नावं मोठ्याने वाचली, आणि त्या क्षणी मला नाक्यावरचा ट्रेलर, एस्टिमेट, ताट सगळं विसरायला झालं. त्या भरात मी जाहीर केलं की कल्याण-डोंबिवलीच्या सगळ्या पत्रिका आजच देऊन टाकू.

हे करू नका. पत्रिका दिली की माणसं सोडत नाहीत. खडकपाड्याच्या मावशीकडे पोहे, त्यावर शिरा. रामबागेत काकांकडे साबुदाणा खिचडी आणि "अगोदर सांगितलं असतं तर जेवायलाच ठेवलं असतं". ठाकुर्लीला आत्याबाई, म्हणजे आजीच्या नणंदेची सून, त्यांनी ओटी भरली. ओटीत नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. सायकलवर निघालेल्या बाईला तुम्ही किलोभर वजन देता आणि नाही म्हणायची सोय नाही. नवरदेवाला टोपी आणि टॉवेल. शेवटच्या घरातून निघताना माझ्या पिशवीत दोन नारळ आणि पोटात तीन नाश्ते होते. पत्रिकावाटपाला वेगळा दिवस ठेवा, घरं एका बाजूची घ्या, आणि निघतानाच सांगा की पाण्याशिवाय काही घेणार नाही. तरी देतील.

पत्रिका पिशवीत कशा न्यायच्या? कोपऱ्याला कुंकू लावलेलं असतं आणि अक्षतांची पुडी आत असते, त्यामुळे खड्ड्यांत सगळं एकमेकांना लागतं. काकांची पत्रिका पूर्ण गुलाबी झाली होती. कुंकू घरीच लावायचं असेल तर ते वाळू द्या, अक्षता वेगळ्या डब्यात न्या आणि दारात उभं राहून घाला. पत्रिकांना जाड प्लास्टिक हवंच, पाऊस नसला तरी बाटली गळते.

परतीला ठाकुर्लीच्या पुलावरून डोंबिवली पश्चिमेला आलो आणि मोठागावच्या पुलावर चढलो. हा पूल २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. खाडी ओलांडून थेट माणकोलीला निघतो, रांजणोली-कोन सगळं वगळतं. सकाळी याच रस्त्याने गेलो असतो तर तासभर आणि एक टायर वाचलं असतं. ठाण्याकडून जाताना माणकोलीच्या उड्डाणपुलावर चढू नका, खालून उजवीकडे वळा. खारेगाव खाडीपूल दोन्ही रस्त्यांना चुकत नाही, तेवढा दातओठ खाऊन काढायचा. तो दुपारी बाराच्या आत किंवा चारनंतर. आम्ही साडेचारला आलो, गर्दी होती पण गाड्या हळू होत्या, आणि हळू गाडी मला कधीही चालते. खारेगावला हायवे सोडून कळव्यात शिरलो, तो कळवा नाक्यावरून विटाव्याकडे गेला. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पावसाळ्यात पाणी भरतं, एरवी काही नाही.

ऐरोली, घणसोली, वाशीच्या पत्रिका सायकलनेच देणार आहोत, ठाणे-बेलापूर रस्त्याने, सकाळी लवकर. अंबरनाथ-बदलापूरच्या बाबा लोकलने देतील. भिवंडीच्या मामांना पोस्टाने पाठवली आहे, ते रागावले तर रागावू देत.