पांढरी पाचची घूं

जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या, दिव्यासारख्या नळ्यांचा) अँप्लिफायर दुरुस्त करून लावला की गाण्याच्या आधी घूं ऐकू येते. ठाण्यात, नौपाड्यात दिवसा गोखले रोडच्या हॉर्नपुढे तिची काय बिशाद. रात्री अकरानंतर मात्र ती खोलीभर पसरते. गंमत अशी, की ती कुठून येते हे बऱ्याचदा तिच्या सुरावरूनच कळतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तारांमधून थेट शिरलेली घूं त्याच सुरात, खर्जाच्याही तळाशी. रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, लाटेचे दोन्ही अर्धे वापरत असेल तर पॉवर सप्लायची घूं दुप्पट, १०० हर्ट्झची. शेजारच्या काकांनी पेटीवर खर्जातली पांढरी पाच दाबून धरली आणि म्हणाले, "तुझा डबा किंचित चढा लागलाय रे." बरोबरच होतं. ती पट्टी साधारण ९८ हर्ट्झची. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे काकांना पट्टी बदलावी लागली असती!

१०० ची घूं म्हणजे पहिला संशय फिल्टर कंडेन्सरवर, म्हणजे त्या डीसीतले चढउतार सपाट करणाऱ्या भागावर. त्याच्या आतलं रसायन वर्षानुवर्षं सुकत जातं. काही शौकीन 'ओरिजिनल'च्या हट्टाने त्याच काळातला, न वापरलेला कंडेन्सर शोधतात. मला हे पटत नाही. तो खोक्यात पडूनही सुकलेला असू शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ताजा आणावा. पण हात घालण्याआधी थांबा. बटण बंद केल्यावरही त्यात तीनशे-चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच सोल्डरिंग.

लोक मात्र सर्वांत आधी व्हॉल्व्ह बदलतात. तो दिसतो, उपटता येतो, म्हणून बिचाऱ्यावर आळ. त्यापेक्षा व्हॉल्यूम शून्यावर आणून पाहावं. घूं गेली तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, तशीच राहिली तर नंतर. एका फुकटच्या चाचणीत निम्मं सर्किट सुटतं.

५० ची घूं जास्त खट्याळ. व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट एसी नेणाऱ्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून, चॅसिसला म्हणजे सांगाड्याला चिकटवून न्याव्या लागतात. अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं तरी ती येते. मग कोणीतरी सुचवतंच, "अर्थची पिन काढ, गप्प होईल." होतेही. पण आत एखादी तार सुटली तर त्याच पत्र्याच्या चॅसिसवर २३० व्होल्ट येतात, आणि तो आपण हाताने उचलतो.

एवढं करूनही आमच्या डब्यात ५० ची बारीक घूं उरलीच. मेन (वीज आत घेणारा) आणि आउटपुट (स्पीकरला जोडलेला), दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच दिशेला तोंड करून बसवलेत. एकाचं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात शिरतं. एक काटकोनात फिरवला तर फरक पडेल, पण त्यासाठी चॅसिसला नवी भोकं पाडायला लागतील. ती मी पाडणार नाही. पंखा दोनवर असला की काही ऐकू येत नाही, आणि ठाण्यात पंखा बंद ठेवायचे दिवस वर्षाकाठी असतात तरी किती!