नावावर बोली लावण्याआधी

आंब्याची शेवटची पेटी रवाना होते, पाऊस लागतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि कोकणातल्या घरगुती निवासांच्या खोल्या रिकाम्या पडतात. नेमक्या याच दिवसांत अनेक छोट्या व्यवसायांच्या संकेतस्थळांची नावे नूतनीकरणावाचून राहून जातात. नाव बहुधा मुंबईच्या भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून नोंदवलेले असते, पैसे भरण्याची सूचनाही त्यालाच जाते, आणि गणपतीपर्यंत संकेतस्थळ उघडून पाहण्याची कोणाला गरज भासत नाही. मी डोमेन नावांची, म्हणजे संकेतस्थळांच्या अशा नावांची, खरेदी-विक्री करतो. मुदत संपलेल्या नावांच्या लिलावाच्या यादीत मालवण, गुहागर किंवा दापोली असलेले नाव दिसले, की त्यामागे असे एखादे घर असेल का, याचा शोध मी आधी घेतो.

डॉट कॉमचे नाव मुदत संपताच मोकळे होत नाही. ज्या कंपनीकडे नाव नोंदवलेले असते ती रजिस्ट्रार कंपनी ते ४५ दिवसांपर्यंत स्वतःकडे ठेवू शकते. त्या काळात नाव रद्द झाले, तर पुढे ३० दिवस मूळ मालकाला जादा शुल्क भरून ते सोडवून घेता येते, आणि त्यानंतरच्या ५ दिवसांनी ते नोंदवहीतून पुसले जाऊन सर्वांसाठी खुले होते. मात्र बरेच रजिस्ट्रार इतके थांबत नाहीत. पहिल्याच टप्प्यात ते नाव लिलावात मांडतात. त्यामुळे बोली जिंकल्यानंतरही मूळ मालकाने वेळेत पैसे भरले तर नाव त्याच्याकडे परत जाऊ शकते आणि बोली लावणाऱ्याला त्याची रक्कम परत मिळते. या तरतुदीबद्दल कुरकुर करणारे खरेदीदार पुष्कळ आहेत. मला ती न्याय्य वाटते.

हर्णै बंदरावरच्या लिलावात मासळी समोर पडलेली असते आणि ती ताजी आहे की नाही हे जाणत्याला पाहताच कळते. डोमेनच्या लिलावात समोर फक्त अक्षरे असतात, म्हणून पारख आधी करून ठेवावी लागते. त्या नावावर पूर्वी काय चालत होते हे वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहावर पाहता येते. दरम्यानच्या काळात तेथे जुगाराची किंवा बनावट औषधांची पाने लावली गेली असतील, तर गूगलमधील त्या नावाची पत गेलेली असू शकते, आणि त्या नावावरून पाठवलेले ईमेल थेट स्पॅममध्ये जाण्याची भीती असते. रोमन लिपीत मालवण 'व्ही'ने लिहितात तसे 'डब्ल्यू'नेही लिहितात. ग्राहक कोणते टाइप करील याचाही विचार करावा लागतो. एवढे झाल्यावर आपली कमाल रक्कम कागदावर लिहावी आणि तीच लिलावात नोंदवावी. बहुतेक ठिकाणी यंत्रणा प्रतिस्पर्ध्याच्या बोलीपेक्षा एकच पायरी वर जाते, त्यामुळे पूर्ण रक्कम द्यावी लागेलच असे नाही. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते आणि चढाओढीत माणसाचे भान सुटते. कागदावरचा आकडा तेव्हा उपयोगी पडतो. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम हे नाव ३ कोटी डॉलरना विकले गेले, हे मला नेहमी ऐकवले जाते. त्या व्यवहारावरून आपल्याकडच्या एखाद्या खानावळीच्या नावाचा भाव ठरवणे निरर्थक आहे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात मान्य केले. दुसऱ्याच्या चिन्हाशी मिळतेजुळते नाव त्याच्याकडून पैसे उकळण्यासाठी अडवून ठेवले, तर डॉट कॉमसाठी १९९९ पासून असलेल्या यूडीआरपी या नावांचे वाद सोडवण्याच्या धोरणाखाली ते काढून घेतले जाऊ शकते. डॉट इनसाठीही तशीच स्वतंत्र व्यवस्था आहे. हापूसच्या बाबतीत अधिक जपावे लागते, कारण २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर येथील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. देवगडचे नाव असलेले डोमेन बाहेरचा आंबा विकणाऱ्याला देणे म्हणजे इथल्या बागायतदाराचे नाव विकणे होय, आणि तसा व्यवहार मी करीत नाही. चालत्या व्यवसायाचे सुटलेले नाव हाती आले, तर ते मालकाला खर्चाच्या रकमेत परत द्यावे असे माझे ठाम मत आहे. गावाचे नाव आणि सर्वसाधारण व्यवसाय एवढेच असलेले नाव मात्र जो चालवील त्याचे. त्यावर नफा घेण्यात मला गैर काही दिसत नाही.

विक्री करताना पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत रक्कम सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडे, जमा झाल्याखेरीज ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्यासाठी लागणारा गुप्त संकेत, देऊ नये. रजिस्ट्रार बदलल्यावर साधारणतः ६० दिवस नाव पुन्हा हलवता येत नाही, हे खरेदीदाराला आधीच सांगावे. व्यवहार पूर्ण होताच नोंदणी व्यवसायाच्या मालकाच्या नावावर आणि तो रोज उघडतो त्या ईमेलवर करून घ्यावी. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी १० वर्षांपर्यंतची करता येते. पेट्यांचे पैसे हाती असताना, पावसाच्या आधीच, ती करून टाकावी.